चढावर पिकअप जातो, चावी फिरवली की परत येतो: पी०२९९ कोडचं एक प्रकरण

गाडी १.५ लिटरची, चार सिलिंडरची टर्बो डिझेल, मॅन्युअल गिअर. लाखभर किलोमीटरच्या पुढे धावलेली, पण ऑइल आणि फिल्टर वेळच्या वेळी बदललेले. मालकांची तक्रार त्यांच्याच शब्दांत: "चढावर चौथ्या गिअरमध्ये जोर लावला की एकदम पिकअप जातो. इंजिनचा पिवळा दिवा लागतो. मग ॲक्सिलरेटर तळाला टेकवला तरी काटा तीन हजाराच्या वर जात नाही. बाजूला घेऊन चावी बंद करून पुन्हा चालू केली की गाडी पहिल्यासारखी. दिवा मात्र तसाच."

त्याआधी गाडी दुसऱ्या एका गॅरेजमध्ये जाऊन आली होती. तिथे स्कॅनर लावून दोषाचा कोड काढला, मॅप सेन्सर (इंजिनात जाणाऱ्या हवेचा दाब मोजणारा) नवा बसवला, कोड पुसला आणि गाडी परत दिली. थोड्याच दिवसांत दुखणं जसंच्या तसं. दुसऱ्या खेपेला निदान मिळालं, "टर्बो गेलाय, बदलावा लागेल." टर्बो म्हणजे एग्झॉस्टच्या जोरावर इंजिनात जादा हवा कोंबणारा पंप, इंजिनवरच्या सगळ्यात महागड्या भागांपैकी एक. मालकांनी हात आखडता घेतला आणि माझ्याकडे एकच प्रश्न घेऊन आले: टर्बो खरंच गेलाय का?

दिव्याच्या रंगाबद्दल थोडक्यात. लाल दिवा, म्हणजे ऑइल प्रेशरचा किंवा इंजिन तापल्याचा, लागला तर जागच्या जागी थांबून इंजिन बंद करायचं, तिथे निदानाच्या गप्पा नाहीत. पिवळा दिवा स्थिर असेल तर गाडी जपून चालवत नेता येते. पेट्रोल गाडीत तोच पिवळा दिवा लुकलुकत असेल तर इंजिन मिसफायर करत असतं आणि न जळलेलं पेट्रोल कॅटॅलिटिक कन्व्हर्टरमध्ये जाऊन त्याला जाळतं, म्हणून तिथेही पाय लगेच काढावा. आपल्या गाडीत दिवा पिवळा आणि स्थिर होता.

चावी फिरवल्यावर पिकअप परत येतो, ही गोष्ट बऱ्याच जणांना कोड्यात टाकते. ‘मेकॅनिकल दोष असता तर चावी फिरवून बरा झाला असता का? म्हणजे वायरिंगचा किंवा सेन्सरचाच घोळ,’ असं अनुमान निघतं. पहिल्या गॅरेजचा सेन्सरवरचा संशय त्यातलाच असावा. खरं म्हणजे इथे ताकद हिरावून घेणारा ईसीयू, म्हणजे इंजिन चालवणारा संगणक, असतो. जेवढ्या हवेची त्याने मागणी केली तेवढी काही सेकंद आली नाही, तर तो डिझेल कमी करतो, टर्बोवरचा ताबा सोडतो आणि गाडीला लंगडत चालवतो. यालाच लिंप मोड म्हणतात. हवा कमी असताना डिझेल तेवढंच ओतत राहिलं तर काळा धूर होईल, एग्झॉस्टचं तापमान चढेल, डीपीएफ (धुरातली काजळी अडवणारा फिल्टर) काजळीने भरेल. ते टाळायला ही व्यवस्था आहे. चावी बंद-चालू केली की ईसीयू ती बंदी उठवून नव्याने संधी देतो. मूळ दोष जिथल्या तिथेच असतो आणि पुढचा चढ येईपर्यंत दिसत नाही.

म्हणून स्कॅनर लावण्याआधी मालकांना बसवून विचारलं. सकाळी गाडी काढल्याबरोबर कधी होतं का? नाही, वीस-पंचवीस मिनिटं चालल्यावरच. सपाट रस्त्यावर? जवळजवळ कधीच नाही. गाडीत माणसं-सामान असताना जास्त? हो. होताना फुस्स किंवा शिट्टीसारखा आवाज? नाही. मागे काळा धूर? आरशात तरी दिसला नाही. ब्रेक कडक लागतो का? नाही, ब्रेक उत्तम. यातलं प्रत्येक उत्तर पुढे कामाला आलं, विशेषतः पहिलं आणि आवाजाबद्दलचं.

कोड काय बोलला आणि काय नाही

कोड निघाला पी०२९९. सुरुवातीचा पी म्हणजे इंजिन-गिअरबॉक्सची बाजू, त्यानंतरचं शून्य म्हणजे सगळ्या कंपन्यांना सामाईक असलेला कोड, आणि पूर्ण अर्थ: टर्बोने हवेचा दाब हवा तेवढा तयार केला नाही. म्हणजे ‘अंडरबूस्ट’. या कोडमध्ये ‘टर्बो’ हा शब्द येतो, आणि निम्मे टर्बो त्याच शब्दापायी बदलले जात असावेत असं माझं मत आहे. ईसीयूने टर्बो पाहिलेला नसतो. त्याने इनटेक मॅनिफोल्डमधल्या, म्हणजे सिलिंडरांना हवा वाटणाऱ्या पाइपातल्या, दाबाचा एक आकडा पाहिला आणि तो स्वतःच्या मागणीपेक्षा कमी भरला, एवढंच तो सांगतो. फाटलेला होज पाइप, तुंबलेला एअर फिल्टर, उघडा अडकलेला ईजीआर व्हॉल्व्ह (थोडा एग्झॉस्ट परत इंजिनात सोडणारा), चोंदलेला डीपीएफ, गळकी व्हॅक्यूम नळी, बिघडलेला सोलेनॉइड (ईसीयूच्या आदेशाने टर्बोला जाणारा व्हॅक्यूम कमी-जास्त करणारी विजेची झडप), अडकलेली टर्बोची पाती, खोटं बोलणारा सेन्सर: सगळ्यांवर हाच कोड येऊ शकतो.

कोडबरोबर ईसीयू त्या क्षणाचे आकडेही साठवतो, त्याला फ्रीझ फ्रेम म्हणतात. कोड पुसला की तीही पुसली जाते, म्हणून आधी उतरवून घ्यायची आणि मग काय ते पुसायचं. मागच्या वेळचा पुरावा असाच गेला होता; नशिबाने दोष पुन्हा आल्यामुळे नवी फ्रीझ फ्रेम तयार होती. कूलंट ९० अंश, इंजिन २,१५० आरपीएम, लोड ९५ टक्क्यांच्या वर, मॅनिफोल्डमधला दाब १४५ किलोपास्कल. गरम इंजिन, मधला वेग, पूर्ण भार. मालक जे सांगत होते तेच आकड्यांत.

मॅप सेन्सरची पहिली परीक्षा फुकटात होते. चावी ऑन, इंजिन बंद. अशा वेळी मॅनिफोल्डमध्ये बाहेरचीच हवा असते, त्यामुळे मॅपचा आकडा वातावरणाच्या दाबाएवढा दिसायला हवा. समुद्रसपाटीला तो साधारण १०१ किलोपास्कल असतो आणि उंचीवर कमी होत जातो. आमच्याकडे मॅप आणि वातावरण, दोन्ही आकडे ९७. मालकांनी काढलेला जुना सेन्सर जपून ठेवला होता. तो लावून पाहिला, तोही ९७. म्हणजे जुन्यात निदान या परीक्षेपुरता तरी दोष नव्हता.

पहिल्या गॅरेजने दिलेली स्कॅनरची प्रिंटही मालकांकडे होती, आणि ती वाचल्यावर सेन्सर का बदलला ते कळलं. त्या प्रिंटमध्ये मागितलेला दाब १२० आणि आलेला दाब ११८ होता. मागणी आणि पुरवठा जुळतोय, तरी गाडीत दम नाही, मग आकडा सांगणाराच खोटा, असा तर्क. पण पूर्ण ॲक्सिलरेटरला या इंजिनची मागणी २०० च्या वर असायला हवी. ती १२० होती, कारण नोंद घेतली तेव्हा गाडी आधीच लिंप मोडमध्ये होती. बंदी लागल्यावर ईसीयू मागणीच खाली आणतो, मग पुरवठा तिच्याशी जुळणारच. लिंप मोडमध्ये घेतलेली नोंद निदानाला निरुपयोगी असते. बिघाड होण्याच्या आधीची आणि होतानाची नोंद हवी.

रस्त्यावर

म्हणून मालकांना नेहमी त्रास देणारा तसाच लांब चढ निवडला, मागे वजन ठेवलं आणि लॅपटॉप घेऊन मी शेजारच्या सीटवर बसलो. गाडी चालवणाऱ्याने आकड्यांकडे बघायचं नाही, हा नियम मी मोडत नाही.

इंजिन नुकतंच तापायला लागलं असताना पहिली फेरी. चौथा गिअर, २,२०० आरपीएम, ॲक्सिलरेटर पूर्ण. मागणी २१५, पुरवठा २१२. गाडी मस्त ओढत होती.

अर्ध्या तासाने, तोच चढ, तोच गिअर, तोच वेग. मागणी २१५, पुरवठा १४५. चार-पाच सेकंद तसंच राहिलं, मग दिवा लागला आणि गाडी बसली. त्या सेकंदांत सोलेनॉइडला जाणारा आदेश ८८ टक्क्यांवर गेला होता. पहिल्या फेरीत तो साठीच्या आसपास होता. ईसीयू टर्बोला ‘आणखी दे, आणखी दे’ म्हणत होता आणि येत काही नव्हतं. (स्कॅनरचे हे आकडे निरपेक्ष दाबाचे असतात. १४५ मधून वातावरणाचे ९७ वजा केले तर टर्बोची खरी कमाई जेमतेम ४८ उरते.)

आता या प्रकरणातला सगळ्यात उपयोगी हिशेब. दाब कमी भरण्याची दोन मूळ कारणं असू शकतात: टर्बो हवा देतोय पण ती वाटेत गळतेय, किंवा टर्बो हवाच देत नाही. दोन्हींचा फरक एमएएफ सेन्सर सांगतो, कारण तो एअर फिल्टरनंतर लगेच, टर्बोच्याही आधी बसलेला असतो. आत किती हवा आली ते तो मोजतो. मॅनिफोल्डला पोचली किती ते मॅप सांगतो.

१.५ लिटरचं चार-स्ट्रोक इंजिन दोन फेऱ्यांत १.५ लिटर हवा ओढतं. २,२०० आरपीएमला मिनिटाला १,६५० लिटर, म्हणजे सेकंदाला २७.५ लिटर. १४५ किलोपास्कल दाबाला आणि ४५ अंशांना एक लिटर हवेचं वजन साधारण १.५९ ग्रॅम भरतं. गुणाकार केला की सेकंदाला सुमारे ४४ ग्रॅम. सिलिंडर कधीच शंभर टक्के भरत नाहीत, त्यासाठी दहा-बारा टक्के वजा केले की ३८-३९ ग्रॅम. एमएएफचा आकडा त्या क्षणी होता ३९.

या जुळणीतून एकदम तीन गोष्टी निकालात निघाल्या. होज किंवा इंटरकूलर (टर्बोतून आलेली गरम हवा थंड करणारा) फाटलेला असता तर एमएएफने हिशेबापेक्षा बरीच जास्त हवा दाखवली असती, कारण गळणारी हवाही त्याच्यासमोरूनच आत येते. ईजीआर उघडा अडकला असता तर सिलिंडरमधली काही जागा एग्झॉस्टच्या वायूने घेतली असती आणि एमएएफ हिशेबापेक्षा कमी भरला असता. आणि दोन वेगळे सेन्सर, दोन वेगळ्या तत्त्वांवर चालणारे, एकच गोष्ट सांगत होते, त्यामुळे मॅप सेन्सर खोटा हा संशयही संपला. हवा गळत नव्हती. ती येतच नव्हती.

साध्या मोबाइल ॲडॉप्टरवरही हा हिशेब करता येतो, कारण मॅप, एमएएफ, आरपीएम आणि इनटेकचं तापमान हे सामाईक आकडे आहेत. मागणीचा दाब आणि सोलेनॉइडचा आदेश बघायला मात्र बहुतेक वेळा कंपनीच्या खोलातल्या डेटापर्यंत जाणारा स्कॅनर लागतो.

थंड गाडी चालते, गरम चालत नाही

एअर फिल्टर स्वच्छ, इनटेकचा पाइप आत खेचला जात नव्हता. डीपीएफच्या दोन बाजूंमधला दाबाचा फरक आयडलिंगला १ किलोपास्कलच्याही खाली, म्हणजे एग्झॉस्ट मोकळा. उरला टर्बो आणि त्याला हुकूम पोचवणारी यंत्रणा.

या टर्बोच्या टर्बाइनभोवती हलणारी पाती असतात. बागेतल्या पाइपच्या तोंडावर अंगठा दाबला की पाण्याला जोर येतो, तशी ही पाती मिटत आली की एग्झॉस्टचा झोत टर्बाइनवर जोरात आदळतो आणि दाब वाढतो. पाती हलवतो एक ॲक्च्युएटर: पत्र्याच्या डबीत रबरी पडदा, त्याला जोडलेला रॉड. पडदा ओढायला लागतो व्हॅक्यूम. तो इंजिनवरच्या पंपातून येतो आणि सोलेनॉइड व्हॉल्व्ह त्यातला हवा तेवढाच पुढे सोडतो. व्हॅक्यूम पोचला नाही तर पाती उघडी राहतात आणि टर्बो नुसता फिरत बसतो.

थंड असताना पूर्ण दाब देणारा टर्बो ‘गेलेला’ कसा असेल? तुटलेलं कंप्रेसरचं चाक सकाळी जुळून येत नाही. पण एक शक्यता उरत होती: पात्यांवर काजळी बसलेली असेल तर गरम झाल्यावर ती अडकू शकतात. तेवढ्यासाठी रस्त्यावरून परत येताच, इंजिन गरम असतानाच, ॲक्च्युएटरची नळी काढून हाताचा व्हॅक्यूम पंप लावला. रॉड सुरुवातीपासून शेवटपर्यंत सलग सरकला, कुठे अडखळला नाही. पंप थांबवल्यावर सुई हलली नाही. पाती मोकळी, पडदा शाबूत. टर्बोवरचा आरोप इथे पडला. (गरम टर्बोजवळ काम करताना जाड हातमोजे घाला. तिथल्या पत्र्याला कोपर लागलं तरी फोड येतो.)

मग सोलेनॉइड की नळी? आयडलिंगला उभ्या गाडीत गेज लावून पाहिलं तर सगळं ठीक: पंपापाशी वातावरणापेक्षा ८८ किलोपास्कलने कमी, सोलेनॉइडच्या तोंडाशीही ८८. उभ्या गाडीची तपासणी इथे संपवली असती तर सोलेनॉइड बदलून गाडी दिली गेली असती आणि पुढच्या चढावर ती पुन्हा बसली असती. दोष उभ्या गाडीत येत नव्हता, तर उभ्या गाडीत त्याचं माप कसं मिळणार?

म्हणून सोलेनॉइडमध्ये व्हॅक्यूम येतो त्या तोंडाशी टी-जोड घालून लांब नळी बोनेटच्या फटीतून बाहेर काढली, खिडकीतून आत घेतली आणि गेज हातात धरून पुन्हा चढाला लागलो. थंड इंजिनला सुई ८५ च्या आसपास स्थिर. गरम झाल्यावर, हलका ॲक्सिलरेटर असेपर्यंत ८० च्या वर. आणि पूर्ण दाबल्याबरोबर सुई घसरत ४५ ला आली. पाय काढला, वर. पुन्हा दाबला, खाली. सोलेनॉइडला आत येणारा व्हॅक्यूमच कमी पडत होता, म्हणजे सोलेनॉइडही सुटला. राहिला पंपापासून सोलेनॉइडपर्यंतचा नळीचा तुकडा.

तो इंजिनच्या मागच्या अंगाने, टर्बोच्या उष्णतारोधक पत्र्याजवळून जातो. वरून आरशाने बघितलं तर नळी छान काळी, सरळ. बोटाने चाचपली तेव्हा टी-जोडाजवळचं रबरी कोपर (वळणाचा जोड) बाकीच्यापेक्षा मऊ आणि फुगलेलं लागलं, तेलकटही. काढून हातात घेतलं आणि थोडं वाकवलं, तशी खालच्या बाजूला नखाएवढी चीर उघडली. सोडलं की चीर मिटून दिसेनाशी. वर्षानुवर्षं पंपातून येणारा तेलाचा अंश आणि शेजारची उष्णता यांनी रबर नासलं होतं.

सगळी लक्षणं या एका चिरेत बसतात. थंड रबर ताठ, चीर बंद. गरम रबर लिबलिबीत, पण इंजिन स्थिर असेल तर तरीही बंद. चढावर चौथ्या गिअरमध्ये पूर्ण ताकद लावली की इंजिन आपल्या माउंटिंगवर एका बाजूला कलतं, ती नळी ओढली जाते आणि चीर उघडते. फुस्स आवाज नाही, कारण गळत होता तो दाब नव्हे, व्हॅक्यूम. ब्रेक उत्तम, कारण ब्रेक बूस्टरची वाट स्वतंत्र जाड नळीची, तिच्यात एकमार्गी झडप. आणि ही बारीक फांदी अरुंद छिद्रातून निघते, तिच्या गळतीने पंप हरत नाही.

दुरुस्ती आणि खातरजमा

कोपर आणि ती नळी नवी बसवली, क्लिप लावून पत्र्यापासून दूर घेतली आणि इंजिन हललं तरी ताण येणार नाही एवढी ढील ठेवली. त्याच वयाच्या बाकीच्या व्हॅक्यूम नळ्याही बदलल्या. त्यांत चीर नव्हती, पण रबर तेच होतं. मग कोड पुसला.

खातरजमा त्याच चढावर, तेवढ्याच वजनाने, इंजिन पूर्ण गरम करून. मागणी २१५, पुरवठा २१३. सोलेनॉइडचा आदेश ६२ टक्के. एमएएफ सेकंदाला ५६ ग्रॅम, वरच्याच हिशेबाने २१३ किलोपास्कलला जेवढा यायला हवा तेवढा. गेजची सुई पूर्ण ॲक्सिलरेटरला ८५ च्या खाली आली नाही. नुसता दिवा विझला म्हणून गाडी द्यायची नाही; कोड पुसल्यावर तो तसाही विझतो. डीपीएफमधली काजळीची पातळीही पाहिली, कारण कमी हवेत बरंच चालणं झालं होतं. ती मर्यादेत होती.

हाच कोड दुसऱ्या गाडीत वेगळ्या वाटेला नेईल. एमएएफ हिशेबापेक्षा ठळक जास्त आला तर होज आणि इंटरकूलर तपासा. होजच्या खालच्या अंगाला ताजा तेलकट डाग दिसला तर तिथूनच सुरुवात करा. एमएएफ कमी भरला तर ईजीआर. हिशेब जुळतो पण हाताच्या पंपाने रॉड अडखळतो, तर पाती साफ करावी लागतील. आणि थंड-गरम दोन्ही वेळा दाब सारखाच कमी, व्हॅक्यूम पूर्ण, रॉड मोकळा, इनटेक आणि एग्झॉस्टही मोकळे असं असेल तरच टर्बोच्या तोंडाचा पाइप काढून चाक बोटाने हलवून बघा. थोडी आडवी ढिलाई नव्या टर्बोतही असते, कारण त्याचा शाफ्ट तेलाच्या थरावर तरंगतो. चाक घराला घासल्याच्या खुणा दिसल्या किंवा शाफ्ट मागे-पुढे हाताला जाणवेल इतका सरकला, तर मग टर्बो उतरवायचा.